पानेवाडी ते सातपूर : इंधनाच्या टाकीतलं तेल बाहेर पडू नये म्हणून काय करतात आणि कुठे चुकतं?

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत नाशिकच्या पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या होत्या. हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरोधात चालकांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघणं थांबलं आणि उत्तर महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांना आपलं पेट्रोल नेमकं येतं कुठून, ते कळलं. त्याआधी पानेवाडीचं नाव राज्यभर झालं होतं ते २०११ साली. मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारीला याच परिसरात इंधन भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं होतं.

म्हणजे संप झाला किंवा गुन्हा घडला की पानेवाडी बातम्यांत येते. पण रोज तिथे जे काम चालतं, त्याची चर्चा फारशी होत नाही. भारत पेट्रोलियमची पाइपलाइन मुंबईहून मनमाडला येते आणि पुढे उत्तर भारताकडे जाते. तिन्ही सरकारी तेल कंपन्यांचे डेपो या भागात आहेत. लाखो लिटर पेट्रोल-डिझेल पत्र्याच्या प्रचंड टाक्यांमध्ये साठवलं जातं, टँकरमध्ये भरलं जातं आणि उत्तर महाराष्ट्र, मराठवाड्यात पाठवलं जातं.

नाशिक जिल्ह्यात तेल साठतं ते फक्त इथेच नाही. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या औद्योगिक वसाहतींत फिरलं तर मोठ्या कारखान्यांच्या मागच्या बाजूला जनरेटरसाठी डिझेलची किंवा बॉयलर-भट्टीसाठी फर्नेस ऑइलची टाकी दिसते. डेपोपुढे ही टाकी अगदीच लहान. पण तिच्यापासून नाला काही पावलांवर असतो, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसंही कमी असतात.

टाकी फुटते का?

तेलगळती म्हटलं की टाकी फुटल्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं. तसं होतं, पण क्वचित. २ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे सुमारे दीड कोटी लिटर क्षमतेची डिझेलची टाकी भरत असताना अचानक फाटली. ती नवी नव्हती. दुसरीकडची जुनी टाकी उकलून, तिचं सुमारे ४० वर्षांपूर्वीचं पोलाद इथे आणून पुन्हा जोडलं होतं, आणि पूर्ण पाणी भरून करायची चाचणी केली नव्हती. वेल्डिंगजवळ पत्र्यात एक छोटा दोष होता. थंडीत तिथूनच पत्रा चिरत गेला. डिझेलची लाट सुरक्षाभिंतीवरून उडाली, शेजारच्या आवारातल्या पावसाळी गटारात शिरली आणि तिथून मोनोंगाहेला नदीत. खालच्या तीन राज्यांतल्या सुमारे १० लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर त्याचा परिणाम झाला.

ही गोष्ट जुनी आणि लांबची असली तरी सेकंडहँड टाकी घेणाऱ्या कुठल्याही कारखान्याने ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्या टाकीला रंग दिला की ती नवी दिसते. पत्र्याची जाडी किती उरली आहे, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक मापन करावं लागतं आणि तेल भरण्याआधी पाणी भरून पाहावं लागतं.

बहुतेक तेल मात्र इतकं नाट्य न करता बाहेर पडतं. झिजलेल्या गॅसकेटमधून, पंपाच्या सीलमधून, टँकरचा होज काढताना, टाकीच्या तळाचं पाणी काढायचा कॉक नीट न फिरवल्यामुळे. सेकंदाला एक थेंब पडतोय म्हटलं तर कुणी लक्ष देत नाही. खाली डबा ठेवला की झालं. पण हिशेब केला तर तो थेंब दिवसाला चार लिटरच्या वर जातो आणि वर्षाला दीड हजार लिटर होतो.

तळाचं पाणी ही तर वेगळीच डोकेदुखी. हवेतला ओलावा टाकीत थंड होऊन पाणी बनतो. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतं आणि पत्र्याला आतून गंज लागतो. बाहेरून टाकी चकचकीत आणि तळाला सुईएवढं भोक, असं होऊ शकतं. टाकी थेट जमिनीवर टेकलेली असेल तर ते भोक दिसणारही नाही. म्हणूनच लहान आडव्या टाक्या चौथऱ्यावर उचलून बसवतात. खालून वाकून पाहता आलं पाहिजे, एवढा साधा त्यामागचा विचार आहे. आणि म्हणूनच रोज डिप रॉड टाकून मोजायचं, आदल्या दिवशीचा साठा वजा वापर यांच्याशी आकडा जुळवायचा. जुळत नसेल तर मोजमाप चुकलं असेल, चोरी होत असेल किंवा गळती असेल. तिन्ही गोष्टी मालकाला कळायला हव्यातच.

टँकर रिकामा करताना काय होतं?

लहान कारखान्यात सगळ्यात जोखमीचा वेळ हाच असतो. टँकर येतो, होज जोडतात, पंप सुरू होतो आणि वीस-पंचवीस मिनिटं काहीच करायचं नसतं. चालक चहाला जातो, कारखान्याचा माणूस दुसऱ्या कामाला लागतो. टाकीत किती जागा होती, हे कुणीतरी सकाळी अंदाजाने सांगितलेलं असतं.

मोठ्या डेपोतही हेच घडू शकतं, फक्त तिथे माणसाच्या अंदाजाच्या जागी यंत्र असतं. ब्रिटनमधल्या बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे टाकी क्रमांक ९१२ मध्ये पाइपलाइनने पेट्रोल येत होतं. पातळी दाखवणारं गेज अडकलं. टाकी भरत होती, पडद्यावरचा आकडा हलत नव्हता. अशा वेळी पुरवठा बंद करण्यासाठी वेगळा स्विच होता, तोही चालला नाही. अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल टाकीच्या माथ्यावरून खाली कोसळलं, त्याच्या वाफेचा ढग पसरला आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून जीव गेले नाहीत, ४३ जण जखमी झाले.

भरताना टाकी काठोकाठ भरायची नाही, थोडी जागा मोकळी ठेवायची, हा नियम याच भीतीतून येतो. दुसरं कारण म्हणजे तेल उष्णतेने फुगतं. २० हजार लिटर डिझेलचं तापमान १० अंशांनी वाढलं तर ते सुमारे १६० लिटरने वाढतं. थंडीतल्या सकाळी गळ्यापर्यंत भरलेली टाकी दुपारी स्वतःहून सांडू शकते. मोजायचं काम एका गेजवर सोडू नये. धोक्याच्या पातळीला भोंगा वाजवणारा स्विच त्या गेजपासून पूर्ण स्वतंत्र हवा आणि तो अधूनमधून मुद्दाम वाजवून पाहायला हवा. लहान कारखान्यात भोंगा नसेल तर निदान दोन माणसं हवीत. एक टाकीपाशी, एक टँकरच्या व्हॉल्व्हपाशी, आणि होज निघेपर्यंत दोघांनी जागा सोडायची नाही.

मग ती भिंत कशासाठी असते?

टाकीभोवती जी सिमेंटची बुटकी भिंत दिसते तिला डाइक म्हणतात. टाकीतून काहीही बाहेर आलं तरी ते या हौदात अडावं, ही कल्पना. पेट्रोलियम नियम २००२ आणि तेल उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या ओआयएसडी या केंद्रीय संस्थेच्या मानकांनुसार डाइकमध्ये आतल्या सर्वात मोठ्या टाकीतलं सगळं तेल मावलं पाहिजे. फरशी आणि भिंत तेल न झिरपणारी हवी. पाइप भिंतीतून आरपार जात असेल तर ती फट भरलेली हवी. ऐकायला हे सगळं सोपं आहे.

अडचण सुरू होते जूनमध्ये.

हौद म्हटला की त्यात पाऊसही साचणार. समजा एका कारखान्यात २० हजार लिटरची टाकी आहे आणि तिच्या डाइकमध्ये ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर उंच एवढी जागा आहे. २४ हजार लिटर मावतील, म्हणजे नियमात बसलं. आता १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यात ३ हजार लिटर पाणी जमा होईल. तरी २१ हजार लिटरची जागा उरते, चालेल. आणखी १०० मिलिमीटर पडला की उरली १८ हजार. टाकी तेवढीच, भिंत तेवढीच, पण आता त्या भिंतीत टाकी मावत नाही. इगतपुरीत पावसाळ्याभरात पडणारा पाऊस मीटरमध्ये मोजावा लागतो, म्हणजे घाटमाथ्याकडच्या कारखान्यात असा हौद एका मोसमात अनेकदा भरेल.

म्हणून डाइकच्या तळाला पाणी सोडण्यासाठी एक पाइप आणि एक व्हॉल्व्ह असतो. या सगळ्या यंत्रणेतली कच्ची कडी शोधायची तर ती इथे सापडते. पाऊस सुरू असतो, हौद भरत असतो, कुणीतरी व्हॉल्व्ह उघडतं. पाणी जायला तासभर लागणार, तोवर उभं कोण राहणार? उद्या पुन्हा पाऊस येणारच आहे, मग बंद तरी कशाला करायचा? आणि तो व्हॉल्व्ह सप्टेंबरपर्यंत उघडाच राहतो. कागदावर भिंत आहे, तपासणीला आलेल्याला भिंत दिसते, पण तिला खाली भोक आहे आणि ते सरळ पावसाळी गटारात उघडतं.

जयपूरला नेमकं हेच झालं होतं

२९ ऑक्टोबर २००९. जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतला इंडियन ऑइलचा डेपो. संध्याकाळी सहाच्या सुमारास शेजारच्या डेपोला पेट्रोल पाठवायची तयारी सुरू असताना एका टाकीच्या व्हॉल्व्हमधून पेट्रोलचा फवारा उडाला. वाफेमुळे जवळ जाणं अशक्य झालं. टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह दूरून बंद करायची सोय चालत नव्हती. सव्वा तास पेट्रोल वाहत राहिलं. डाइक होता, पण त्याचा पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडा होता, त्यामुळे पेट्रोल भिंतीबाहेरच्या पावसाळी गटारात गेलं आणि आवारभर पसरलं. साडेसातच्या सुमारास स्फोट झाला. ११ जणांचा जीव गेला, शेजारच्या कारखान्यांचं नुकसान झालं. आग विझवणं शक्य नव्हतं, ती जळून संपू द्यावी लागली. त्याला ११ दिवस लागले.

चौकशीसाठी नेमलेल्या एम. बी. लाल समितीने बऱ्याच शिफारशी केल्या. टाकीचा व्हॉल्व्ह दूरून बंद करता यावा, पातळीचा स्वतंत्र भोंगा असावा, पेट्रोलची वाफ ओळखणारे सेन्सर असावेत. आणि डाइकचा व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, हे कंट्रोल रूममध्ये दिसावं. पानेवाडीसारख्या डेपोंना आज जी मानकं लागू आहेत, त्यांत या शिफारशींचा मोठा वाटा आहे.

कारखान्यामागच्या डिझेल टाकीला कंट्रोल रूम नसते. तिथे उपाय साधे आहेत आणि फारसे महागही नाहीत. व्हॉल्व्ह भिंतीच्या बाहेरच्या बाजूला हवा, म्हणजे आत न उतरता बंद करता येतो. त्याला साखळी-कुलूप, किल्ली शिफ्टच्या जबाबदार माणसाकडे. पाणी सोडण्याआधी वर तेलाचा तवंग आहे का ते पाहायचं. इंद्रधनुषी रंग दिसला तर ते पाणी गटारात जाणार नाही, तेल-पाणी वेगळं करणाऱ्या टाकीत जाईल. व्हॉल्व्ह उघडणाऱ्याने बंद होईपर्यंत तिथेच थांबायचं आणि वहीत वेळ लिहून सही करायची. याहून चांगला मार्ग म्हणजे व्हॉल्व्हच ठेवायचा नाही, साचलेलं पाणी हातपंपाने उपसायचं. कंटाळा केला तर पाणी आत राहील, तेल बाहेर जाणार नाही. आणि टाकी लहान असेल तर वर पत्र्याची शेड टाकली की निम्मा प्रश्न संपतो.

पावसाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं याचं ताजं उदाहरण चेन्नईचं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर मनाली भागातल्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या परिसरातलं तेल बकिंगहॅम कालव्यात आणि तिथून एन्नोर खाडीत पोचलं. मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी काळी झाली, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं.

कायदा काय पाहतो?

भारतात पेट्रोलियम पदार्थांचे वर्ग पाडलेत ते ते किती लवकर पेट घेतात यावरून. पेट्रोल अ वर्गात, डिझेल ब वर्गात, फर्नेस ऑइल साधारणपणे क वर्गात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत विनापरवाना साठवायची मर्यादा त्यानुसार बदलते. पेट्रोल फक्त ३० लिटर. डिझेलसारखं तेल २,५०० लिटरपर्यंत, तेही कुठलंही भांडं १ हजार लिटरपेक्षा मोठं नसेल तर. क वर्गातलं तेल मात्र ४५ हजार लिटरपर्यंत. परवाना देणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे.

आगीच्या दृष्टीने ही वर्गवारी बरोबरच आहे. पण नदीच्या दृष्टीने? फर्नेस ऑइल सहज पेट घेत नाही म्हणून ४० हजार लिटरची टाकी या परवान्याविना असू शकते, आणि तेच दाट काळं तेल नाल्यात गेलं तर डिझेलपेक्षा जास्त काळ राहतं. डिझेल बरंचसं उडून तरी जातं. फर्नेस ऑइल दगडांना चिकटतं, गाळात मिसळून तळाशी बसतं. अमेरिकेने १९७० च्या दशकातच तेलगळती रोखण्याचा वेगळा नियम केला, तो बघतो फक्त एवढंच की तुमचं तेल नदी-नाल्यापर्यंत पोचू शकतं का. जमिनीवरचा साठा साधारण ५ हजार लिटरच्या पुढे गेला की गळती रोखण्याचा लेखी आराखडा ठेवावा लागतो, तेल पेट घेणारं असो वा नसो. आपल्याकडे पाण्याची बाजू १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात येते. तेल नदीत गेल्यावर हा कायदा बोलतो, जाण्याआधी टाकीपाशी त्याचं फारसं लक्ष नसतं. पानेवाडीसारख्या मोठ्या साठ्यांना १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार आपत्कालीन आराखडा आणि सराव बंधनकारक आहे. मधल्या आकाराचे कारखाने या दोन टोकांच्या मध्ये राहतात.

नाशिकला याची जास्त काळजी का हवी?

सातपूर-अंबड पट्ट्यातून नासर्डी, म्हणजेच नंदिनी नदी वाहते आणि आगरटाकळीजवळ गोदावरीला मिळते. औद्योगिक वसाहतीतल्या पावसाळी गटारांचं पाणी कुठे जाणार हे वेगळं सांगायला नको. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे, गोदावरीच्या स्वच्छतेवर मोठा खर्च आणि त्याहून मोठी चर्चा सुरू आहे. त्यात सांडपाणी, पाणवेली, काँक्रीट हे शब्द ऐकू येतात. कारखान्यामागच्या डाइकचा व्हॉल्व्ह येत नाही.

दुसरं कारण जमिनीखाली आहे. नाशिक जिल्हा बसाल्टवर, आपल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. या खडकात पाणी असतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत. मातीत सांडलेलं डिझेल हळूहळू खाली उतरतं, भेग सापडली की ते कुठल्या दिशेने जाईल सांगता येत नाही. टाकीजवळची विहीर चांगली आणि दूरची बिघडलेली, असंही होऊ शकतं. नदीतला तवंग पुराबरोबर निघून जातो. भेगांत शिरलेलं तेल वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटत राहतं.

तेल सांडलंच तर?

पहिलं काम म्हणजे गळतीचा उगम बंद करणं, ठिणगी उडेल असं सगळं थांबवणं आणि गटाराचं तोंड वाळूच्या पोत्यांनी अडवणं. अनेक ठिकाणी पहिली प्रतिक्रिया पाण्याचा पाइप लावून फरशी धुण्याची असते. त्याने जागा स्वच्छ दिसते आणि सगळं तेल नाल्यात जातं. वाळू, भुसा किंवा तेल शोषणारे पॅड टाकून ते गोळा करायचं. तेलाने माखलेली वाळू आणि चिंध्या घातक कचरा ठरतात, त्या घंटागाडीत टाकता येत नाहीत. अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवाव्या लागतात.

तेल ओढ्या-नाल्यात गेलं असेल किंवा जाण्याची शक्यता असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला तातडीने कळवणं ही जलप्रदूषण कायद्याच्या कलम ३१ नुसार कारखान्याचीच जबाबदारी आहे. कुणी तक्रार करेपर्यंत थांबायची मुभा त्यात नाही. नागरिकांना नाल्यावर तवंग किंवा डिझेलचा वास आला तर वेळ, जागा आणि फोटोसह मंडळाच्या नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवावं. वास तीव्र असेल तर आधी अग्निशमन दलाला, १०१ वर. विहिरीच्या पाण्याला असा वास येऊ लागला तर मोटर ताबडतोब बंद करायची. पाणी उपसलं की निवळेल असं वाटतं, पण उपशामुळे भेगांमधलं तेल उलट विहिरीकडेच ओढलं जातं.